तीनेकेच्या घराचा कल

नीउ-व्हेनेप, ११ सप्टेंबर २०२२

मामा, तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की संहिता दार लावून घेते, म्हणून आता ईमेलच बरा. टॅबवर अक्षरं मोठी करून वाचा.

बातमी अशी की आम्ही तळ्याकाठी एक छोटी जागा घेतली. आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. त्यावर एक कुजलेली लाकडी खोली आहे, ती पाडून तिथे केबिन बांधायची. शनिवार-रविवार जाऊन राहण्यापुरती. ऋषभला ऑफिसच्या स्क्रीनपासून लांब कुठेतरी बसायचंय आणि मला, खरं सांगू का, संहिता पुढच्या सप्टेंबरात शिकायला नायमेखनला जाईल, त्याआधी एक उन्हाळा तिघांनी एकत्र काढायचाय.

अडचण पायाची. जमीन म्हणजे पीट, शेकडो वर्षं कुजत पडलेला पालापाचोळा. पाय आपटला की हलते. इथला डच ठेकेदार बास म्हणतो, स्क्रूसारखे लोखंडी खांब पिळत पिळत खालच्या घट्ट वाळूपर्यंत न्यायचे आणि त्यांवर घर ठेवायचं. पण त्याचं मशीन तराफ्यावरून आणावं लागतं आणि ते पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत मोकळं नाही. म्हणजे तो उन्हाळा गेलाच. दुसरा काही मार्ग आहे का?

आणि गरम कशाने ठेवायचं? ऋषभला लाकडाची शेगडी हवी आहे, ज्वाळा दिसणारी. बास म्हणतो विजेवर चालणारा हीट पंप लावा. आमच्या शेजारी अगदी कुंपणाला लागून तीनेके नावाच्या बाई आहेत, पंचाहत्तरीच्या पुढच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या लाकडी घरात बाराही महिने राहतात. त्यांना दम्याचा त्रास आहे.

तुम्ही आयुष्यभर पाये घातलेत. सांगा.

तुमची मंजू


सातारा, १८ सप्टेंबर २०२२

चि. मंजूस,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं, मग जुन्या वह्या काढल्या. निवृत्त झाल्यापासून मला कोणी पायाबद्दल विचारलेलं नाही. विचारतात ते रक्तदाबाबद्दल.

मऊ जमीन आम्हाला नवी नाही. पाटबंधारे खात्याची वसाहत आम्ही काळ्या मातीवर उभी केली. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी माती. उपाय एकच. वरची माती काढायची, चांगला मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा आणि वर काँक्रीटचा राफ्ट. म्हणजे एकसंध पाटच समज. पाट खाली गेला तरी सगळा सारखा जातो, त्यामुळे घराला भेग पडत नाही. तुमच्याकडे मुरूम नसेल तर वाळू चालेल. भराव जाड हवा. कंजुषी नको. खांब पिळत बसण्याची काही गरज नाही.

शेगडीचं मात्र ऋषभला ठामपणे नाही सांग. माझ्या आईची छाती चुलीने गेली. वारा कुठून येतो ते बघितलंस का? तळ्याकाठी धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. त्या बाईंच्या खिडकीत जाईल. शेजारी आजारी माणूस असताना आपण ज्वाळा बघत बसायचं हे बरं नव्हे. हीट पंप लावा.

नकाशा पाठव. राफ्टचं लोखंड मी काढून देतो.

वासुदेवमामा


नीउ-व्हेनेप, २ एप्रिल २०२३

मामा,

झालं! तराफ्यांवरून वाळू आली, तुम्ही सांगितली तशी थराथराने दाबली, राफ्ट पडला आणि त्यावर लाकडी केबिन उभी राहिली. तुमचा नकाशा बासने भिंतीला चिकटवला होता. सुरुवातीला जरा कुरकुरला, इथे असं करत नाहीत म्हणाला, पण केलं.

हीट पंप भिंतीवर बसवलाय. ऋषभ पंधरा दिवस रुसला होता. आता मोजे काढून बसतो. तीनेकेला मी सांगितलं की धूर होणार नाही, तर ती कुंपणाशी उभी राहून रडायला लागली. जागा विकली गेल्याचं कळल्यापासून तिला तीच काळजी होती म्हणे. आता आम्ही एकमेकींना नावाने हाक मारतो. संध्याकाळी सफरचंदाचा केक घेऊन आली. संहितेने तिला डच शिव्यांचे नवे अर्थ शिकवले. दोघी खिदळत होत्या.

हे तुमच्यामुळे झालं.

मंजू


सातारा, ९ एप्रिल २०२३

चि. मंजूस,

फोटो पाहिले. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींनाही दाखवले. सगळे निवृत्त इंजिनियर, कोणाचं काही चांगलं म्हणायचं नाही असा नियम असलेले. त्यांनीही फोटो पुन्हा मागून घेतले. हॉलंडमध्ये आपल्या पद्धतीचा पाया, म्हणजे काय! वाळूचा थर किती बसतो त्यावर लक्ष ठेव. पहिल्या वर्षी थोडा बसेल. घाबरू नकोस.

वासुदेवमामा

मंजू, मी जयंती. यांच्या टॅबवर चोरून लिहितेय. ऐकू येईनासं झाल्यापासून हे कोणात मिसळेनासे झाले होते. तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचे. तुझ्या कामाने पुन्हा माणसांत आले बघ. तुझे उपकार आहेत माझ्यावर. मामी.


नीउ-व्हेनेप, १४ ऑक्टोबर २०२३

मामा, मामी,

बरेच दिवस लिहिलं नाही. संहिता नायमेखनला गेली. खोली लहान आहे, पण खूश आहे. फोन केला की मी मराठीत विचारते आणि ती डचमध्ये उत्तर देते, मधूनच “आई, आय ॲम ईटिंग” म्हणते. उन्हाळा मात्र आम्ही पुरेपूर घेतला. रोज पोहायचो. तुमचा राफ्ट थोडासा बसला, पण सगळीकडून सारखा. ऋषभ पाणसळ ठेवतो, बुडबुडा मधोमध आहे ना ते बघतो आणि म्हणतो, मामा ग्रेट आहेत.

तीनेकेची तब्येत बरी नाही. तिला चालताना तोल गेल्यासारखं होतं. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात पडली. मनगट दुखावलं. मी तिला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. कान तपासले, रक्त तपासलं, काही निघालं नाही. आता काठी घेते. तिचा मुलगा म्हणतो, वय झालं. ती मला म्हणाली, “आईचंही असंच सुरू झालं होतं, मग तिला आमची नावं आठवेनात.”

सोबत संहितेचा फोटो पाठवतेय, धक्क्यावर बसलेला. मागे तळं आणि तीनेकेचं घर.

मंजू


नीउ-व्हेनेप, २१ जानेवारी २०२४

मामा,

नववर्षाच्या शुभेच्छा, उशिराच. कामात होते.

एक विचारायचं होतं. ऋषभच्या ऑफिसातला एक जण अशाच जागेवर बांधकाम करतोय. त्याने वाळूचा भराव टाकला तर शेजारच्या घराला काही होऊ शकतं का? सहजच विचारतेय. घाई नाही.

मंजू


सातारा, २४ जानेवारी २०२४

चि. मंजूस,

होऊ शकतं. काळी माती असेल तर फारसं नाही, पण पीटबद्दल मी मध्यंतरी टॅबवर वाचलं आणि आपण थोडक्यात वाचलो असं वाटलं. पीट स्पंजासारखा असतो. एका जागी वजन ठेवलं की पाणी निघून जातं आणि आजूबाजूचा भागही खाली ओढला जातो. शेजारचं घर जुनं असेल, उथळ पायावर असेल, तर भरावाकडची बाजू खचणार आणि घर कलणार. हळूहळू कलतं, म्हणून राहणाऱ्याला कळतही नाही.

त्या गृहस्थाला सांग, आधी शेजारच्या घराचा पाया बघ आणि मगच वाळूला हात लाव. आणि टाकून झाला असेल तर त्याला हा सल्ला कोणत्या गाढवाने दिला ते विचार.

तुमच्या तीनेकेबाईंचं घर खांबांवर असेल ना? तू तेव्हा काही लिहिलं नव्हतंस, म्हणून मी धरून चाललो.

वासुदेवमामा


सातारा, १७ मार्च २०२४

चि. मंजूस,

तुझं उत्तर नाही. मामी म्हणते कामात असेल.

वासुदेवमामा


सातारा, २८ एप्रिल २०२४

मंजू,

संहितेचा तो फोटो मामीने मोठा छापून आणला, भिंतीवर लावायला. मी चौकट करायला घेतला. पोरगी गोड दिसते. मग सवयीने मागचं बघितलं. तळ्याच्या पाण्याची रेघ आडवी आहे. पाणी कधी खोटं बोलत नाही. तुझ्या शेजारणीच्या घराच्या खिडक्यांची रेघ मात्र पाण्याशी जुळत नाही. तुझ्या कुंपणाच्या बाजूला उतरलेली आहे. मी पट्टी लावून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

ऋषभच्या ऑफिसातला तो माणूस कोणी नाही.

त्या बाईंना चक्कर येत नाही, मंजू. त्यांच्या पायाखालची जमीन कललेली आहे आणि ते मी केलं आहे. कधीही न पाहिलेल्या जमिनीवर, हजारो मैलांवरून, वहीतला नकाशा पाठवून. कोणीतरी विचारलं याच आनंदात होतो मी. धुराची चौकशी केली आणि शेजारच्या घराच्या पायाची केली नाही. चार दिवस मला जेवण जात नाही. मामीला कारण सांगितलेलं नाही.

मला खरं काय ते लिही.

वासुदेव


नीउ-व्हेनेप, १ मे २०२४

मामा,

चूक तुमची नाही. तुम्हाला अर्धीच गोष्ट माहीत आहे.

बास नुसता कुरकुरला नव्हता. त्याने मला तीनेकेच्या घराखाली वाकून दाखवलं होतं. लाकडाचे आखूड ठोकळे, त्यावर तुळया. म्हणाला, “तुमची वाळू हिचं घर खाली ओढेल. कदाचित थोडं, कदाचित जास्त. तिच्याशी बोला.” मी म्हटलं, बोलेन. बोलले नाही. तिने नको म्हटलं असतं, तर तो उन्हाळा गेला असता. तुम्हाला हे लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच थांबवलं असतं. तुमचा सल्ला मला हवा होता तसा होता, म्हणून मी तो घेतला.

ऑक्टोबरमध्ये लिहिलं तेव्हा खरोखर माझ्या लक्षात आलं नव्हतं. किंवा मी लक्ष दिलं नव्हतं. नोव्हेंबरात तिला सर्दी झाली होती, म्हणून मी वरण घेऊन गेले. तिच्या टेबलावर बशीत वाढलं, तर ते एका काठाला गोळा झालं. ती म्हणाली, “बघ ना, माझ्या हातात काही सरळ राहत नाही.” मी बशीकडे बघत राहिले. बशी तिच्या हातात नव्हतीच, टेबलावर होती. तिथेच सांगायला हवं होतं. मी तिला म्हटलं, “गरम आहे तोवर जेव.”

मग आठवड्यागणिक सांगणं अवघड होत गेलं. फेब्रुवारीत तिच्या डोक्याचा स्कॅन झाला. मुलगा दूर असतो, म्हणून सोबत मी गेले. तिचा कोट मांडीवर घेऊन बाहेर बसले. स्कॅन स्वच्छ आला. तिला त्याचाही धीर आला नाही. म्हणाली, “यांना सापडत नाही, म्हणजे अजून सुरुवात आहे.” आता मुलांनी तिच्यासाठी कापेल आन डेन आयसेलला फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे, खाली नर्स असते. तळ्याकाठचं घर ती सोडणार. मी तिला खोकी बांधायला मदत करतेय. ती मला म्हणते, तू नसतीस तर माझं काय झालं असतं.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत होते. मामीने लिहिलं होतं की या कामाने तुम्ही पुन्हा माणसांत आलात. पण तेही खरं नाही. तिने माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघावं हे मला नको होतं. ऋषभला मी काल सांगितलं. तो केबिनबाहेर जाऊन उभा राहिला, बराच वेळ आत आला नाही.

मंजू


सातारा, २ मे २०२४

मंजू,

चूक कोणाची किती, हे वाटून घ्यायला आपल्याला सवड आहे. त्या बाईंना नाही. खोकी बांधणं थांबव.

लाकडी घर हलकं असतं, ते उचलता येतं. खालून जॅक लावून सरळ करायचं आणि बास म्हणाला होता त्याच स्क्रूच्या खांबांवर ठेवायचं. त्यानंतर आपला राफ्ट फोडून वाळू काढायची, नाहीतर ती जमीन ओढतच राहील. तुमची केबिनही खांबांवर जाईल. बासला आजच फोन करा. त्याने सांगितलेलं बरोबर होतं आणि माझं चूक होतं, हे त्याला माझ्या नावाने सांग.

पण त्याच्याही आधी बाईंकडे जा. पाणसळ घेऊन जा. तुझ्या शब्दांवर आता त्यांनी का विश्वास ठेवावा? बुडबुडा त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. आपलं डोकं ठिकाणावर आहे, हे माणसाला एक दिवस आधी कळलं तरी तो दिवस त्याचा आहे.

माझं नाव लपवू नकोस.

वासुदेवमामा


नीउ-व्हेनेप, ६ मे २०२४

मामा,

सांगितलं.

ती कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी खाली बसून जमिनीवर पाणसळ ठेवली आणि म्हटलं, “तीनेके, तुला चक्कर येत नाही. घर कललंय. आमच्या वाळूमुळे.” मामा, तुमचंही सांगितलं आणि बासने आधीच बजावलं होतं तेही.

ती हळूच खाली बसली. बुडबुड्याकडे बघितलं. पाणसळ उचलून उलटी फिरवून ठेवली, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, खिडकीच्या चौकटीला लावली. शेवटी विचारलं, “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

“हो.”

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मलाही हसू आलं, मामा. मला वाटलं, सुटले मी.

मग ती म्हणाली, “तुला कधी कळलं?”

“नोव्हेंबरमध्ये.”

“स्कॅन फेब्रुवारीत होता.”

“हो.”

“मी त्या नळीत पडून मुलांची नावं मनात म्हणत होते. विसरतेय का ते बघायला. तू बाहेर बसली होतीस.”

“हो.”

“माझा कोट घेऊन.”

तिने मला उठायला हात दिला, स्वतःच्या दुखऱ्या मनगटाचा, आणि दारापर्यंत आली. म्हणाली, “घराचं मी तुला कदाचित माफ करेन. पाण्यावर राहणाऱ्याला घर कलण्याचं नवल नाही. पण सबंध हिवाळा मी स्वतःला घाबरत होते. आता तू जा.”

रात्री तिच्या मुलाचा फोन आला. बोलला ते लिहीत नाही. सगळं बरोबरच बोलला. मागून तिचा आवाज ऐकू आला, “पुरे आता.” फ्लॅटला तिने नकार कळवलाय. बास हिवाळ्याच्या तोंडाशी येतो म्हणालाय. तुमचा निरोप ऐकून एवढंच बोलला, “तुमच्या मामांना सांगा, वाळूबद्दल ते चुकले, शेगडीबद्दल नाही.”

मंजू


तळ्याकाठून, २३ नोव्हेंबर २०२४

मामा,

हे मोबाइलवरून लिहितेय, केबिनमध्ये बसून. आज तीनेकेचं घर उचललं. सगळे जॅक एकदम, जरा जरा करून. तुळया कण्हल्यासारखा आवाज येत होता. दुपारी बासने हात वर केला. सरळ. पुढच्या आठवड्यात आमच्या घराची पाळी, मग राफ्ट फुटेल.

पूर्ण उन्हाळा ती माझ्याशी बोलली नाही. संहिता आली की तिच्याशी बोलायची. संहितेला मी सगळं सांगितलंय. ती मला मराठीत म्हणाली, “आई, हे माझ्यासाठी केलंस असं कधी म्हणू नकोस.” मी तेच म्हणणार होते.

आज तीनेकेच्या घरातलं सगळं बंद होतं. वीज नाही, हीटर नाही. बाहेर पाणी गोठायला आलेलं. मी दार उघडून उभी राहिले, बोलावलं नाही. बोलवायचा हक्क वाटत नव्हता. थोड्या वेळाने ती आली. खिडकीजवळ खुर्ची ओढून तळ्याकडे, म्हणजे स्वतःच्या घराकडे तोंड करून बसली. काठी नव्हती. हीट पंप चालू होता, मला घाम येत होता, पण तिने कोट काढला नाही. गळ्यापर्यंत बटणं लावून बसली होती. मी कॉफी ठेवली, ती तशीच गार झाली. घर सरळ झालं तेव्हा उठली, दारात थांबली आणि म्हणाली, “उद्या अजून पाइप जोडायचेत त्यांना.” आणि गेली.

उद्या येईल असा याचा अर्थ होतो का, कळत नाही.

मंजू


सातारा, २४ नोव्हेंबर २०२४

चि. मंजूस,

सकाळच्या मंडळींना मी सगळं सांगितलं. मागच्या वर्षी फोटो दाखवताना जेवढा मोठा आवाज होता तेवढ्याच आवाजात. कोणी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, ही बहिरेपणाची सोय. पण दोघं-तिघं घरापर्यंत सोबत चालत आले.

माझं मन हलकं झालेलं नाही. तुझंही इतक्यात होणार नाही. होऊ नये असंही मला वाटतं. त्या बाईंचा एक हिवाळा आपण घेतला आणि तो जॅक लावून परत वर येत नाही.

कोट त्या काढतील किंवा काढणार नाहीत. तू त्याकडे बघत बसू नकोस. पहाटे लवकर उठ, त्या यायच्या आधी खोली गरम करून ठेव, आणि दार उघड.

वासुदेवमामा